नियम बदलतो तेव्हा

(पुंडलिकनगर येथील पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. मेंदूविषयी बोलण्याचा माझा अधिकार लहान आहे. परंतु वर्गात रोज गाठ पडते ती मुलांच्या मेंदूशीच, म्हणून जे वाचले ते आपल्यापुढे ठेवतो.

उन्हाळ्यात आपल्या पुंडलिकनगरच्या रस्त्यावर आंब्याच्या हातगाड्या लागतात. पिवळा आंबा गोड, हा धडा आपण लहानपणीच शिकलेलो असतो. मग कधी तरी पावडरीने पिकवलेला पिवळाधमक आंबा घरी येतो आणि आंबट निघतो. दोनतीनदा फसलो की आपण रंगावर न भुलता देठाजवळ वास घेऊन पाहतो. बक्षिसाचा नियम बदलला, तसे मेंदूने लक्ष डोळ्याकडून नाकाकडे वळवले.

हे कसे घडते? वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील डोपामीन पेशी तपासल्या. अचानक बक्षीस मिळाले की या पेशी जोराने संदेश देत. ठरलेले बक्षीस ठरल्याप्रमाणे मिळाले तर विशेष काही घडत नसे. ठरलेले बक्षीस चुकले तर संदेश मंदावत असे. म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक या पेशी कळवतात.

झुरिक विद्यापीठातील अभिषेक बॅनर्जी, फ्रिट्योफ हेल्मशेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली याच्या पुढची गोष्ट प्रसिद्ध केली. उंदरांना मिशांनी खरखरीत व गुळगुळीत पॉलिश पेपर ओळखायला शिकवले. एकाला प्रतिसाद दिला की बक्षीस, दुसऱ्याला नाही. मग नियम उलटा केला. सुरुवातीला उंदीर चुकले, हळूहळू सुधारले. त्या काळात मेंदूच्या पुढील, डोळ्यांवरील भागातून स्पर्श जाणणाऱ्या भागाकडे संदेश जात होते आणि तेथील काही पेशींचे वागणे नव्या नियमाप्रमाणे बदलत होते. पुढचा भाग निष्क्रिय केला, तर नवा नियम शिकणे अवघड झाले. थोडक्यात, निकालाची खबर मागे पोहोचली तरच सुधारणा होते.

उंदीर आणि मूल एक नव्हे, हे मी जाणतो. तरी आपल्या राज्यातील एक गोष्ट आठवा. 2019 च्या दहावीला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण बंद झाले. 2018 मध्ये 89.41 टक्के असलेला निकाल 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षासाठी ते गुण परत आले. एका वर्षात मुले एवढी मंद झाली होती काय? नियम बदलला होता.

आता माझी चूक सांगतो. माझ्या वर्गातील एक मुलगा सातवीपर्यंत पाठांतरात पहिला असे. आठवीत मी ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणू लागलो आणि त्याचे गुण घसरले. त्याचे अब्बा येऊन म्हणाले, “सर, याच्या डोक्यात आता काही शिरत नाही. गॅरेजवर लावतो.” मी त्याची वही उघडली. पानोपानी माझ्याच लाल फुल्या होत्या. का चुकले, याचा एक शब्द नव्हता. नियम मी बदलला होता, पण खबर दिली नव्हती. मी अब्बांकडून तीन महिने मागून घेतले. रोज एक उत्तर, आणि त्याच दिवशी त्याच्याशेजारी बसून तपासणी. मुलगा पहिला आला नाही. पण पास झाला आणि शाळेत राहिला.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलाची इयत्ता, माध्यम किंवा शाळा बदलली, तर पहिल्या काही महिन्यांच्या चुकांवरून त्याला ‘ढ’ ठरवू नका. काय बदलले ते विचारा. वही मागा, शिक्षकांना भेटा. आम्हा शिक्षकांनीही फुलीशेजारी दोन शब्द लिहावेत. आणि मुलांनो, चूक झाली की वही लपवू नका. सुधारण्याची खबर त्याच पानावर असते.