तीन पायांचा राखणदार

बचत, कर्ज, शेळीपालन, मुलींचं शिक्षण या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. अपघातात कुत्र्याचा पाय निकामी झाला, डॉक्टरांनी तो कापून काढला, तर घरी आणल्यावर त्याचं करायचं कसं?

जुन्नर-आंबेगावच्या आमच्या पट्ट्यात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की रस्ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. रात्रीचं वाहन भरधाव येतं आणि कुत्रं चाकाखाली सापडतं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या काळूचं असंच झालं. मागच्या पायाच्या हाडाचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, पाय वाचणार नाही, पण पाय काढला तर कुत्रा वाचेल.

बैठकीत लगेच प्रश्न आला, "इथं माणसांच्या औषधाला पैसे नाहीत, कुत्र्याला कुठून आणायचे?" प्रश्न काही खोटा नव्हता. पण ताईंच्या दारात सहा शेळ्या आहेत. त्या शेळ्या म्हणजे ताईंची बँक, आणि काळू त्या बँकेचा राखणदार. शेवटी गटातून कर्ज मंजूर झालं. पैशापेक्षा मोठा पेच पुढंच होता. ताई रोजंदारीवर जातात. घरी सासूबाई आहेत, पण त्यांना नीट दिसत नाही. मग दोन आठवडे कुत्र्याकडे बघणार कोण? आम्ही पाळ्या लावल्या. सकाळची गोळी ताई देणार, दुपारी शेजारची एक मैत्रीण चक्कर मारणार, संध्याकाळी आमच्यापैकी एकजण जखम बघणार. या दोन आठवड्यांत डॉक्टरांकडून आणि काळूकडून जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिली रात्र. भुलीचं औषध पूर्ण उतरायला वेळ लागतो. कुत्रं कण्हतं, डोलतं, कधी ओळखही दाखवत नाही. घाबरू नका. ऊबदार, शांत कोपऱ्यात जाड गोधडी घाला. पोरांची गर्दी नको. आधी थोडंसं पाणी द्या, ते टिकलं की नेहमीच्या निम्मं हलकं खाणं द्या. एक लक्षात ठेवा, दुखत असलं की घरचं कुत्रंसुद्धा चावतं. लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता टाक्यांचं. सकाळ-संध्याकाळ उजेडात जखम बघायची. पहिले काही दिवस थोडी सूज, निळसर-जांभळा डाग, थेंबभर पातळ लालसर पाणी येऊ शकतं. जखमेच्या खालच्या बाजूला पाण्याच्या पिशवीसारखा मऊ फुगवटाही येतो. तो सुईनं फोडायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर अंघोळ नाही, जखम ओली होऊ द्यायची नाही.

आणि मैत्रिणींनो, जखमेवर घरचे उपाय नकोत. हळद, तंबाखू, चुलीतली राख, गाडीचं काळं ऑईल, फिनेल, काही म्हणजे काही लावायचं नाही. काळूला बघायला येणारा प्रत्येक माणूस एक औषध सांगून जायचा. आम्ही दाराशी बसलेल्या सासूबाईंनाच सांगून ठेवलं, "औषध सांगणाऱ्याला चहा द्या, पण जखमेला हात लावू देऊ नका." त्यांनी ते काम चोख केलं.

कुत्रं जखम चाटतं. चाटल्यानं जखम भरते असं आपण ऐकत आलो. टाक्यांच्या बाबतीत ते उलटं आहे. जीभ खरखरीत असते, तोंडात जंतू असतात, आणि एका रात्रीत टाके उसवतात. डॉक्टर गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा कोन देतात. तो नसेल तर जुन्या प्लॅस्टिक बादलीचा तळ कापा, कडेला कापड शिवा आणि पट्ट्याला बांधा. नाकाच्या थोडं पुढं येईल एवढी बादली हवी. खाताना काढायची, पण नजर ठेवून. खाणं झालं की पुन्हा घालायची.

आपल्याकडची मोठी भीती माशांची. माशी जखमेवर बसली की अंडी घालते आणि बघता बघता किडे पडतात. म्हणून कुत्र्याला गोठ्यात किंवा उकिरड्याजवळ ठेवू नका. पडवीत मच्छरदाणी बांधा. अंथरूण रोज बदला. किडे दिसलेच तर डांबरगोळी, पेट्रोल असलं काही न टाकता लगेच डॉक्टरांकडे न्या.

गोळ्यांचं नीट ऐका. डॉक्टरांनी दिलेलीच गोळी, सांगितलेल्याच वेळी, आणि सांगितलं असेल तर खाणं झाल्यावरच द्यायची. घरात माणसांसाठी ठेवलेली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला द्यायची नाही. त्यांनी पोटात व्रण पडतात, यकृत आणि मूत्रपिंड खराब होतं, जीवही जातो. कुत्रं बरं दिसलं म्हणून जंतुनाशकाचा कोर्स मध्येच सोडायचा नाही. आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि जी गोळी देईल तिनं तिथं खूण करायची असं ठरवलं. त्यामुळं दोघींनी दोनदा दिली किंवा कुणीच दिली नाही, असं झालं नाही. एक गोष्ट आम्हाला नवीन होती. पाय नसतानाही कुत्र्याला पायाच्या जागी कळ येते. तुटलेल्या नसांमुळं ते होतं. कुत्रं शांत पडलेलं असतं आणि एकदम केकाटून मागं बघतं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

उठवायचं कसं? मागचा पाय काढला असेल तर जुन्या लुगड्याचा रुंद पट्टा पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं वर धरून आधार द्या. उचलून चालवायचं नाही, तोल सांभाळायचा. पट्टा टाक्यांवर घासू देऊ नका. पुढचा पाय काढला असेल तर पट्टा छातीखालून घ्या. कुत्र्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला सावरायला जास्त धीर लागतो. शहाबादी फरशीवर पाय घसरतो. उंबऱ्यापासून अंथरुणापर्यंत पोती पसरा आणि कडा सरकणार नाहीत असं बघा. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उभी राहतात. पण उभं राहिलं म्हणजे पळू द्यायचं असं नाही. टाके निघेपर्यंत पायऱ्या नाहीत, उड्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती नाही. शी-लघवीपुरतं दोरी लावून पाच मिनिटं बाहेर न्यायचं आणि परत आणायचं.

औषधांमुळं शी दोन-तीन दिवस होत नाही, ते चालतं. पण पूर्ण एक दिवस लघवी झाली नाही तर थांबू नका, डॉक्टरांना सांगा. कुत्रं पडूनच राहत असेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर अंगाला जखमा होतात. खाण्यात भाकरी कुस्करून, उकडलेलं अंडं, थोडं चिकन चालतं. कांदा-लसूण घातलेलं कालवण नको. दुधानं पोट बिघडत असेल तर दूधही नको. बिचारं अपंग झालं म्हणून जो तो भाकरीचा तुकडा टाकतो. ही माया पुढं महागात पडते. वजन वाढलं की उरलेल्या तीन पायांच्या सांध्यांवर ताण येतो.

आमच्या भागात आणखी एक सांगावं लागतं. ऊस तिथं बिबट्या. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. जखमी कुत्र्याला पळता येत नाही आणि त्याच्या कण्हण्याचा आवाज लांबवर जातो. अंधार पडला की कुत्रं घरात आणि दार बंद. अंगणात खुंटीला बांधून ठेवणं म्हणजे त्याला बिबट्याच्या तोंडी देणं आहे.

आता धोक्याच्या खुणा मोजून सांगतो. जखमेतून रक्त टपकत राहणं. पू किंवा घाण वास येणं. टाके उसवणं. चोवीस तासांहून जास्त काही न खाणं. सतत उलटी किंवा काळी शी. धाप लागणं. ओठ उचलून बघा, हिरड्या गुलाबी हव्यात. पांढऱ्या पडल्या असतील तर आत कुठं रक्त जात असेल. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान आहे. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवा. यातलं एक जरी दिसलं तरी "उद्या बघू" म्हणायचं नाही.

टाके निघाल्यावर चालणं हळूहळू वाढवा. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, दमेपर्यंत नाही. नखं वाढू देऊ नका, तोल जातो. उरलेल्या पायांना हलक्या हातानं चोळा. काळू तिसऱ्या आठवड्यात दारापासून गोठ्यापर्यंत स्वतः गेला. शेळ्यांच्या मागं धावणं आता त्याला जमत नाही. पण रात्री घरात झोपून बाहेरची चाहूल तो आधीसारखीच ओळखतो आणि भुंकून सगळ्यांना उठवतो. ज्यांनी "याला कारखान्याच्या रस्त्याला सोडून द्या" असं सांगितलं होतं, तेही आता त्याच्याच भुंकण्यानं जागे होतात. पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं मरेल असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्यांना आम्ही सांगितलं.

सगळ्या कुत्र्यांचं असंच होईल असं नाही. वय फार झालं असेल, दुसरे पायही दुखरे असतील, तर शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, याला पुढं त्रास कमी होईल की वाढेल? त्यांनी सांगितलेलं ऐका आणि मग ठरवा. ठरवताना घरातल्या बाईला एकटं सोडू नका. कारण कुत्रं घराचं असलं, तरी त्याचं उठणं-बसणं, शी-लघवी, गोळी-पाणी शेवटी तिच्याच गळ्यात पडतं, आणि त्या दिवसांची मजुरी बुडते तीही तिचीच.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन कामं करा. पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आणि आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि आपल्यातल्या कुणाच्या घरी जनावर आजारी पडलं तर दुपारची पाळी कोण घेईल, हे आताच विचारून ठेवा. कर्ज गट देतोच, पण कधी कधी मैत्रिणीची एक दुपारही कर्जाइतकीच कामाला येते.