निवडणुकीपूर्वींची निवडणूक

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनीं नोव्हेंबर महिन्यांत होते, हें आपणांस ठाऊक आहेच. त्या दिवशीं मतदारापुढें महत्त्वाचीं अशीं दोनच नांवें उरलेलीं असतात. एक डेमोक्रॅटिक पक्षाचें आणि दुसरें रिपब्लिकन पक्षाचें. परंतु त्याच्या दीड-दोन वर्षें आधीं एकेका पक्षांत पंधरा-पंधरा, वीस-वीस इच्छुक उभे असतात. त्या विसांचा एक कसा होतो आणि उरलेले एकोणीस कोठें गळतात, एवढ्याच प्रश्नासंबंधीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

विषय परक्या देशाचा असला तरी तो आतां काढण्यास कारण आहे. अमेरिकेच्या घटनेंतील १९५१ सालच्या बाविसाव्या दुरुस्तीप्रमाणें कोणाही व्यक्तीस अध्यक्षपदावर दोनदांच निवडून येतां येतें. डोनाल्ड ट्रंप हे २०१६ व २०२४ अशा दोन वेळां निवडून आले. म्हणून २०२८ च्या निवडणुकीसाठीं दोन्ही पक्षांत जागा मोकळी आहे. आणि जागा मोकळी असली कीं गर्दी व्हावयाचीच. मी राजकारणाचा जाणकार नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलों, तो सेवानिवृत्त होईपर्यंत मुलांना इतिहास व नागरिकशास्त्र शिकवीत राहिलों. तेव्हां जें सांगेन तें शिक्षकाच्या दृष्टीनेंच सांगेन.

पूर्वीं ही निवड पक्षाच्या अधिवेशनांत, जुन्या पुढाऱ्यांच्या खलबतांतून होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभीं कांहीं राज्यांनीं ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक सुरू केली. पक्षाचा उमेदवार कोण असावा, याचा कौल पक्षाच्या सामान्य मतदारानेंच द्यावा, ही त्यामागील कल्पना. परंतु पुष्कळ काळ त्या कौलास फारशी किंमत नव्हती. १९१२ सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्राथमिक निवडणुका जिंकल्या. तरी अधिवेशनानें उमेदवारी दिली ती विल्यम टॅफ्ट यांना. १९६८ सालीं ह्यूबर्ट हंफ्रे यांनीं तर एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. तथापि शिकागोच्या अधिवेशनांत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार तेच ठरले, आणि सभागृहाबाहेर तरुणांची व पोलिसांची झटापट झाली ती साऱ्या जगानें पाहिली. त्यानंतर पक्षानें समिति नेमून नियम बदलले, आणि १९७२ पासून उमेदवार ठरविण्याचा अधिकार बहुतांशीं मतदारांकडे आला.

मतदारांकडे आला खरा. परंतु पहिला मतदार मत देईपर्यंत मध्यें जें वर्ष जातें, त्या वर्षांत काय होतें? खरी हकीकत येथूनच सुरू होते.

पहिला कौल आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन लहान राज्यांनीं द्यावा, असा प्रघात पुष्कळ वर्षें चालत आला. आयोवांत मतपेटी नसून ‘कॉकस’ म्हणजे पक्षाच्या लोकांच्या गांवोगांव भरणाऱ्या सभा असत. म्हणून उमेदवारीची इच्छा असलेला मनुष्य वर्ष-दीड वर्ष आधींपासून तेथें फेऱ्या घालूं लागतो. ऑगस्टमध्यें आयोवाच्या शेतकी जत्रेंत तो हजेरी लावतो, तेथील लोण्याची गाय कौतुकानें पाहतो, शेतकऱ्यांशीं मक्याच्या भावाविषयीं बोलतो. आत्मचरित्र प्रसिद्ध करतो. कोणीं विचारलें तर ‘अद्याप कांहीं ठरविलेलें नाहीं’ असें सांगतो. या नकारालाही कारण असतें. पांच हजार डॉलरहून अधिक पैसे उमेदवारीसाठीं जमविले अगर खर्चिले कीं कायद्याच्या दृष्टीनें तो मनुष्य उमेदवार होतो आणि त्याच्या हिशेबावर निर्बंध येतात. केवळ ‘चाचपणी’ चालू आहे असें म्हटल्यानें ते थोडे लांबणीवर पडतात. २०१४ च्या डिसेंबरांत जेब बुश यांनीं आपण विचार करीत आहों असें जाहीर केलें, आणि रीतसर उमेदवारी जाहीर केली ती १५ जून २०१५ रोजीं. मधल्या सहा महिन्यांत त्यांच्या बाजूच्या स्वतंत्र निधींत दहा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जमली होती.

इतका पैसा, बापाचें व भावाचें अध्यक्षपद, देशभर ओळख! ही निवडणूक त्यांचीच, असें पुष्कळांस वाटलें. परंतु २० फेब्रुवारी २०१६ रोजीं, अवघ्या तीन राज्यांचे कौल झाल्यावर, त्यांना माघार घ्यावी लागली. आणि असें होणारे ते एकटेच नव्हते. २००३ सालाच्या अखेरीस हॉवर्ड डीन हे डेमोक्रॅटिक पक्षांत आघाडीवर होते. जानेवारींत आयोवांत ते तिसरे आले आणि पुढें मागेंच पडले. अर्थात् आरंभींच्या धांवपळीवरून अखेरचा विजेता ओळखतां येतो, असें मानण्यास फारसा आधार नाहीं. विजेता ठरविण्याच्या कामीं ही पहिली चाळणी कुचकामी आहे. मग तिला एवढें महत्त्व कां? माझ्या मतें उत्तर असें: कोण जिंकेल हें ती सांगूं शकत नाहीं, परंतु मतदाराच्या नजरेस कोण पडणारच नाहीं, हें मात्र ती ठरवूं शकते.

जिमी कार्टर यांचें उदाहरण पाहूं. जॉर्जिया राज्याचे हे गव्हर्नर. घरचा भुईमुगाचा धंदा. १९७४ च्या डिसेंबरांत त्यांनीं उमेदवारी जाहीर केली, तेव्हां ‘जिमी कोण?’ असा प्रश्न लोक थट्टेनें विचारीत. मतचाचण्यांत त्यांचें नांव जेमतेम दिसे. समोर हेन्री जॅक्सन, मॉरिस युडॉल, बर्च बाय, जॉर्ज वॉलेस अशीं वजनदार माणसें होतीं. कार्टर यांनीं एकच गोष्ट केली. आयोवांत गांवोगांव हिंडून, अनोळखी लोकांच्या घरीं मुक्काम करून, दहा-वीस माणसांच्या बैठकींत बोलत ते वर्षभर राहिले. न्यू हॅम्पशायरच्या थंडींत त्यांच्यासाठीं जॉर्जियाची माणसें दारोदार फिरलीं. त्यांस ‘शेंगदाणा पलटण’ म्हणत. १९७६ च्या जानेवारींत आयोवाचा कौल झाला. सर्वांत अधिक, म्हणजे सुमारें ३७ टक्के लोक ‘अद्याप कोणाचेच नाहीं’ या सदरांत होते. कार्टर यांना जवळजवळ २८ टक्के मिळाले. दुसरा क्रमांक! पण ज्याच्याकडून कांहींच अपेक्षा नव्हती त्यानें एवढें मिळविलें, म्हणून वृत्तपत्रांनीं त्यांनाच विजेते ठरविलें. आणि पुढें ते खरोखरच अध्यक्ष झाले.

त्याच्या उलट चार वर्षांपूर्वींचें उदाहरण. १९७२ सालीं एडमंड मस्की यांनीं न्यू हॅम्पशायर जिंकलें. त्यांना ४६ टक्के मतें पडलीं, जॉर्ज मॅक्गव्हर्न यांना ३७. नऊ टक्क्यांची आघाडी लहान नव्हे. परंतु मस्की शेजारच्या मेन राज्याचे. त्यांना याहून मोठा विजय मिळावयास हवा होता, असा बोभाटा झाला आणि जिंकूनही ते हरल्यासारखे झाले. उमेदवारी मिळाली मॅक्गव्हर्न यांना. श्रोतेहो, शाळेंत ज्या मुलाकडून नव्वद गुणांची अपेक्षा असते त्याला ऐंशी पडले कीं घरांत सुतक, आणि ज्याची पस्तीसांची खात्री नसते त्याला पन्नास पडले कीं पेढे. त्यांतलाच हा प्रकार. मात्र घरांतील अपेक्षा आईबाप ठरवितात. येथें ती कोण ठरवितो? वृत्तपत्रें, मतचाचण्या, आणि पैसे जमविण्याचे आंकडे.

कार्टर यांच्या वेळीं निदान या आंकड्यांनीं दार बंद केलेलें नव्हतें. पुढें तेंही झालें. २०१५ सालीं रिपब्लिकन पक्षांत सतरा प्रमुख उमेदवार होते. ६ ऑगस्टला क्लीव्हलंड येथें पहिली वादसभा झाली. तींत देशभरच्या मतचाचण्यांच्या सरासरीवरून पहिले दहा मुख्य व्यासपीठावर घेतले आणि उरलेल्या सातांस आधींच्या वेगळ्या सभेंत बसविलें. चौदा वर्षें टेक्सासचे गव्हर्नर राहिलेले रिक पेरी त्या सातांत होते. सप्टेंबरांत त्यांनीं माघार घेतली. कोठेंही एक मतही पडण्यापूर्वीं! २०१९ सालीं डेमोक्रॅटिक पक्षांत वीसहून अधिक उमेदवार झाले. पक्षानें नियम केला कीं ६५,००० निरनिराळे देणगीदार, अथवा तीन मतचाचण्यांत एक टक्का, एवढें असेल त्यासच वादसभेंत जागा. मायामी येथें दोन रात्री, दहा-दहा उमेदवार बोलले. तिसऱ्या सभेसाठीं अट वाढविली: १,३०,००० देणगीदार, आणि शिवाय चार चाचण्यांत दोन टक्के. मग एका डॉलरची देणगी मिळविण्यासाठीं जाहिरातींवर अनेक डॉलर खर्च होऊं लागले. कमला हॅरिस यांच्यासारख्या नामांकित उमेदवारही पैसा संपल्याचें सांगून ३ डिसेंबरला बाहेर पडल्या. आयोवाचा कौल तेव्हां दोन महिने दूर होता.

कोणी म्हणेल, वीस जणांना एका व्यासपीठावर कसें बोलूं द्यावें? कोठें तरी चाळणी लावलीच पाहिजे. हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु चाळणीचीं भोकें केवढीं असावींत, हें जपून ठरवावें लागतें. याचा अनुभव मला माझ्याच वर्गांत आला. तो सांगतांना आजही संकोच वाटतो.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. वर्गांत बेचाळीस मुलें. स्नेहसंमेलनाचा चिटणीस निवडावयाचा होता आणि सात मुलगे उभे राहिले. मतदान शनिवारीं होतें. सोमवारींच मीं उत्साहाच्या भरांत ‘कल कसा आहे तें पाहूं’ म्हणून हात वर करविले आणि प्रत्येकाच्या नांवापुढें आंकडा फळ्यावर लिहिला. एका मुलापुढें दोन हा आंकडा पडला. मुलगा अबोल, पण वर्गाच्या वर्गणीचा हिशेब दर वर्षीं तोच चोख ठेवी. दुसऱ्या दिवशीं तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, माझें नांव पुसा.” मीं तें पुसलें. आंकडे पुसावे, हें मला सुचलें नाहीं. शनिवारीं मोठ्या गळ्याचा एक मुलगा अकरा मतांनीं निवडून आला. उरलेलीं एकतीस मतें पांच जणांत वांटलीं गेलीं होतीं. तो मुलगा वाईट नव्हता. परंतु ज्यानें नांव पुसावयास सांगितलें, तो शाळा सोडीपर्यंत पुन्हां कशासाठींही उभा राहिला नाहीं. आणि वर्गानें त्याला कधीं तोललेंच नाहीं. तोलला होता तो माझ्या फळ्यानें.

या गोष्टींत गर्दीचा दुसरा दोषही आलाच. समान विचारांचे पुष्कळ उभे राहिले कीं त्यांचीं मतें फुटतात आणि निष्ठावंत अनुयायी असलेला एक जण थोड्या मतांवर पुढें जातो. २०१६ सालीं दक्षिण कॅरोलायनांत ट्रंप यांना सुमारें ३२ टक्के मतें मिळालीं. तेथील नियमांप्रमाणें त्या राज्याचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधि त्यांच्या पदरांत पडले. विरोधक अनेक होते आणि प्रत्येकास वाटे कीं दुसऱ्यानें आधीं बाजूस व्हावें. उलट २०२० सालीं जो बायडन आयोवांत चौथे आले होते. परंतु दक्षिण कॅरोलायना त्यांनीं जिंकतांच पीट बुटिजेज व एमी क्लोबुशार यांनीं दोन दिवसांत माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला आणि पारडें फिरलें. आपल्या माणसाचेंही एक उदाहरण आहे. बेळगांवांत वाढलेले श्री ठाणेदार २०२२ सालीं मिशिगन राज्यांतून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर गेले. त्यांच्या पक्षाची प्राथमिक निवडणूक नऊ जणांची होती, आणि ती त्यांनीं सुमारें २८ टक्के मतांवर जिंकली. हा त्यांचा दोष नव्हे. पद्धतीचा स्वभाव आहे.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. २०२० सालीं अलास्का, हवाई, कॅन्सस व वायोमिंग येथें डेमोक्रॅटिक पक्षानें पसंतीक्रमाची पद्धति वापरली. मतदारानें पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहावयाची, म्हणजे एकाची गच्छंती झाली तरी मत फुकट जात नाहीं. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक पसंतीक्रमानेंच होते, हें येथें आठवावें. नंतरच्या वर्षीं मीं वर्गांत हीच रीत घातली. शिवाय मतदानाआधीं फळ्यावर आंकडे लिहिणें कायमचें सोडलें आणि त्याऐवजीं प्रत्येक मुलाला पांच मिनिटें बोलूं दिलें. वेळ अधिक गेला, हें कबूल केलें पाहिजे.

तेव्हां श्रोतेहो, येत्या काळांत वृत्तपत्रांत अमुक आघाडीवर, तमुक पिछाडीवर, अशा बातम्या आपण वाचाल. त्या अवश्य वाचाव्या. परंतु आघाडीवरचा मनुष्य कोण, याबरोबरच यादींतून कोणाचें नांव कोणत्या आंकड्यानें गळलें, आणि त्यानें काय सांगितलें असतें, हेंही एकदां स्वतःस विचारावें. अमेरिकेच्या मतदारास हा प्रश्न विचारण्याची जितकी गरज आहे, तितकीच ती आपल्या गृहसंस्थेच्या, वाचनालयाच्या आणि शाळेच्या निवडणुकींतही आहे.