खान्देशचे विधिज्ञ, लोकनेते आणि लोकस्मृतीचे दप्तर

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



१९०६ मध्ये इंग्रज सरकारने खान्देशाचे विभाजन केले. पश्चिम खान्देशाचे मुख्य ठाणे धुळे आणि पूर्व खान्देशाचे जळगाव झाले. जेथे जिल्ह्याचे न्यायालय, तेथे वकिलांची वस्ती. आणि जेथे वकील, तेथे सभा, ग्रंथालये व चळवळी, असा त्या काळचा क्रमच होता.

तथापि जिंकलेले दावे समाजाच्या स्मरणात राहत नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यानिमित्त धुळ्यास आले होते व लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. तो खटला आज किती जणांस ठाऊक असेल? पण दरवर्षी ३१ जुलैला त्या बंगल्यापाशी जनसमुदाय लोटतो. माणूस लक्षात राहतो, तो त्याने समाजासाठी जे केले त्यामुळे.

धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव, अर्थात समर्थभक्त नानासाहेब देव, कायद्याचे पदवीधर होते. अर्थार्जनाचा राजमार्ग त्यांना खुला होता. त्यांनी मात्र सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे मठामठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा करण्यात आयुष्य वेचले. १९३५ मध्ये उभे राहिलेले श्री समर्थ वाग्देवता मंदिर हे त्या श्रमाचे फळ होय. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले, तेव्हा त्यांचा कागदपत्रांचा संग्रह पोरका होऊ नये म्हणून भास्कर वामन भट आदी सहकाऱ्यांनी जानेवारी १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले.

याच धुळ्याच्या कारागृहात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली नसती, तर ती त्या भिंतींतच विरून गेली असती.

पूर्व खान्देशाची परंपराही तितकीच उज्ज्वल आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अध्यक्ष होते बॅरिस्टर जवाहरलाल नेहरू आणि आयोजनाची धुरा वाहणारे होते धनाजी नाना चौधरी. त्यांचे सुपुत्र मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. जळगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आमदार झाल्या आणि २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. जळगावचेच अ‍ॅड. उज्ज्वल निकम यांनी १९९३ चे मुंबई बॉम्बस्फोट व २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला या खटल्यांत सरकारी पक्ष मांडला. २०२५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली.

ही मोठी नावे इतिहासात सुरक्षित आहेत. चिंता आहे ती लहान नावांची. तालुक्याच्या न्यायालयात शेतकऱ्याची बाजू विनामूल्य मांडणारा वकील, अधिवेशनासाठी धान्य देणारा व्यापारी, नगरपालिकेत नळयोजनेसाठी झगडणारा सभासद यांची नोंद ग्रंथांत सापडत नाही. ती सापडते जुन्या चोपड्यांत, दाव्यांच्या नकलांत, सभांच्या इतिवृत्तांत आणि खासगी पत्रांत. दिवाळीच्या साफसफाईत हेच कागद प्रथम रद्दीत जातात. व्यापारी माणूस वहीतील एक पैशाची चूक रात्र जागून शोधतो. मग अवघ्या पिढीची नोंद तोलून विकताना त्याचा हात का थरथरू नये?

सुवर्ण महोत्सव हा जमाखर्च मांडण्याचा दिवस असतो. विश्वस्तांनी स्वतःच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांची सूची करावी, प्रत्येक घराने एक जुनी पेटी उघडून पाहावी, आणि जे सांभाळणे शक्य नाही ते धुळ्याच्या संशोधन मंडळासारख्या जाणत्या संस्थेस विचारल्याविना टाकू नये. नानासाहेब देवांनी दुसऱ्यांच्या मठांतील पोथ्या राखल्या. खान्देशकरांनी निदान स्वतःच्या घरातील कागद राखावेत, एवढीच नम्र विनंती.