दवाखाना आणि पलटण



मागच्या महिन्यात बारावीचा एक विद्यार्थी माझ्या दवाखान्यात आला. म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, डॉक्टर झाल्यावर गावचा दवाखाना ठेवून फौजेतही काम करता येते काय?’’ शेजारी त्याचे अब्बा बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. त्या दोघांना जे सांगितले तेच आज आपल्यासमोर ठेवतो.

करता येते. 1948 च्या कायद्याने प्रादेशिक सेना स्थापन झाली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी राजाजींच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. 1962, 1965 व 1971 च्या युद्धांत तिचे जवान होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची 109 वी पलटण तर आपल्या कोल्हापूरचीच. हिची अट उलटी आहे. पोटापाण्याचा दुसरा उद्योग असेल, तरच येथे प्रवेश! पायदळात वर्षाला सुमारे दोन महिने प्रशिक्षण. बोलावणे आले की पूर्णवेळ हजेरी. अधिकारी होण्यासाठी वयाची मर्यादा 42.

मात्र पायदळाच्या पलटणीत डॉक्टरला घेतले, तरी तो तेथे औषधोपचारच करील असे नव्हे. वैद्यकीय कामासाठी प्रादेशिक सेनेत जनरल हॉस्पिटल नावाच्या तुकड्या निराळ्या उभारल्या गेल्या. त्यांची भिस्त सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांवर.

यात एक मोठी अडचण आहे. सेवेवरून परतलेल्या माणसाला मालकाने पुन्हा कामावर घ्यावे, असा कायदा आहे. पण खाजगी दवाखान्याला मालक कोण? दोन महिने कुलूप दिसले की रुग्ण दुसरीकडे जातो. त्यात त्याचा दोष नाही. ताप काही थांबत नाही.

मग जावे कशाला? ऑगस्ट 2019 च्या महापुरात नरसोबावाडी, कुरुंदवाडकडची माणसे आपल्या गावात आसऱ्याला आली. एका छावणीत आम्ही तिघे डॉक्टर धावलो. मने चांगली होती, पण नोंद कोणीच ठेवली नाही. एका वृद्धेला रक्तदाबाची गोळी आम्ही दोघांनी दोनदा दिली. तिला घेरी आली. सुदैवाने निभावले. शेकडो माणसे एकदम आली तर आधी कोणाला पाहावे, चिठ्ठी कशी बांधावी, पिण्याचे पाणी आणि शौचकूप यांत किती अंतर हवे, हे फौजी डॉक्टरच्या अंगवळणी पडलेले असते. आम्हाला ते त्या दिवशी आठवावे लागत होते. शिवाय जखमी शत्रूचा असला तरी तो रुग्णच, हा तेथला नियम आहे.

त्यानंतर मी चौकशी केली. तेव्हा मी 40 वर्षांचा होतो. दवाखाना सांभाळणारे कोणी सापडेना. आज करू, उद्या करू, यात दोन वर्षे गेली.

म्हणून त्या मुलाला म्हणालो, पदवी घेतानाच आपल्यासारखा एक भागीदार शोध. एक गेला तर दुसरा दवाखाना उघडील. त्यावर अब्बा पहिल्यांदा बोलले, ‘‘आणि बोलावणे दोघांनाही एकदम आले तर?’’

याचे उत्तर मला देता आले नाही.