प्रोग्राम चालला, पुढे?



बारावीचा निकाल लागला की संगणकाकडे वळणारी मुलं हमखास विचारतात, पायथॉन शिकू, जावा शिकू की सी? सध्या चलती कोणाची? प्रश्न रास्त आहे. चलतीच्या भाषेत नोकऱ्या जास्त, शिकवणारेही जास्त. पण त्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम बिनचूक असेल, याची हमी चलती देत नाही.

4 जून 1996. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून युरोपचं एरियान-5 हे नवं रॉकेट प्रथमच उडालं आणि चाळीसेक सेकंदांत भरकटून फुटलं. चार वैज्ञानिक उपग्रह गेले. दिशा सांगणारा त्याचा प्रोग्राम एडा भाषेतला होता, आणि एडा तर जोखमीच्या कामांसाठी मुद्दाम घडवलेली, काटेकोर भाषा. प्रोग्रामचा तो भाग एरियान-4 वरून जसाच्या तसा उचललेला होता. आडव्या वेगाशी निगडित एक आकडा त्यात 16 बिटांच्या जागेत बसवला जाई. तिथे 32,767 पेक्षा मोठा आकडा मावत नाही. जुन्या रॉकेटचा आकडा तिथवर जाणारच नव्हता, म्हणून त्यावर पहारा ठेवला नव्हता. नवं रॉकेट आडवा वेग फार लवकर घेई. आकडा मावेना. मुख्य आणि राखीव, दोन्ही संगणकांत तोच प्रोग्राम. दोन्ही बंद पडले. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे, की उड्डाणानंतर एरियान-5 ला त्या गणिताची गरजच नव्हती.

म्हणून भाषेने काही फरक पडत नाही, असं मात्र समजू नका. 2014 साली उघडकीला आलेली हार्टब्लीड ही चूक सी भाषेतल्या ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये होती. समोरचा मागेल तेवढी अक्षरं प्रोग्राम परत पाठवी. मुळात तेवढी आली होती का, हे मोजत नसे. मग शेजारच्या मेमरीतली गुप्त माहितीही बाहेर जाई. मेमरीची अशी हद्द सी स्वतःहून तपासत नाही, जावा आणि पायथॉन तपासतात.

तेव्हा मुलांनो, भाषा जरूर विचारपूर्वक निवडा, पण प्रोग्राम एकदा चालला म्हणून उठू नका. त्याला शून्य द्या, ऋण संख्या द्या, रिकामा रकाना द्या, देवनागरीत नाव द्या. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे: प्रात्यक्षिक तपासताना उत्तर बरोबर आलं एवढ्यावर सगळे गुण देऊ नका. चुकीची माहिती दिल्यावर प्रोग्राम काय करतो, त्यालाही गुण ठेवा.