थांबली की थरथरणारी गाडी

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज ते हप्ते जिच्या जोरावर फिटतात त्या गाडीवर बोलू.

आमच्या गटाकडे सीएनजीची ईको आहे. तांदळाचे पापड, कडवे वाल, गणपतीच्या आधी मोदकाची पिठी, असा माल घेऊन आम्ही पेणच्या बाजूने पनवेलला येतो. गाडी दोघीजणी चालवतात. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे त्याला काही झालं की ते सगळ्यात आधी सीटवर बसणारीला कळतं.

पावसाळ्यात या गाडीने नवीनच खोड काढली. रस्त्यावर पळताना ठीक. पळस्पे फाट्यावर रांगेत थांबलो, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, मग पडायचा, पुन्हा चढायचा. कधी पडता पडता गाडी बंदच. गॅरेजमध्ये याला म्हणतात रेस वर-खाली होणं, किंवा गाडी आयडलला न थांबणं.

हे हसण्यावारी नेऊ नका. ब्रेकला जोर देणारा एक गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्याला लागणारी हवेची ओढ चालू इंजिनातून मिळते. इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत तो जोर पुरतो, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. कर्नाळ्याच्या खिंडीत, मागे कंटेनर लागलेला असताना हे झालं तर काय, ते तुम्हीच बघा.

पहिला गॅरेजवाला म्हणाला, "ताई, गॅसच्या गाड्या अशाच असतात." दुसऱ्याने अख्खी थ्रॉटल बॉडी बदलायला काढली, आणि आकडा असा सांगितला की गटाची दोन महिन्यांची शिल्लक त्यात गेली असती. हे कधी होतं आणि कधी होत नाही, असं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. आणि नेमकं तेच आपल्याला माहीत असतं. रोज गाडीत आपण बसतो, मिस्त्री नाही.

आता इंजिनाला काय लागतं ते बघा. चुलीला सरपण, हवा आणि काडी लागते. इंजिनालाही तेच: पेट्रोल किंवा गॅस, हवा, आणि प्लगची ठिणगी. पाय काढला की हवेचं दार जवळजवळ बंद होतं आणि इंजिन अगदी थोड्या हवेवर, मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत जागं राहतं. मोठ्या जाळाला वाऱ्याची झुळूक काही करत नाही, पण मंद आचेवर तीच झुळूक चूल विझवते. म्हणून वेगात लपलेला दोष थांबल्यावर उघडा पडतो.

आम्ही हिशेबाच्या वहीत गाडीसाठी एक पान ठेवलं आणि आठ दिवस लिहीत गेलो. गाडी सकाळी थंड असताना असं करते का तापल्यावर? पेट्रोलवर का गॅसवर? पाऊस पडून गेल्यावर जास्त का? ज्यांच्या गाडीत एसी आहे त्यांनी तो लावून आणि बंद करून बघावं. एसी लावताच गाडी बंद पडत असेल, तर हवेचं दार म्हणजे थ्रॉटल काजळीने भरलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे बरेचदा साफसफाईवर काम भागतं.

यातला पेट्रोल-गॅसचा प्रश्न सगळ्यात कामाचा. दोन इंधनांची गाडी असली की अर्धं निदान डॅशबोर्डवरच्या बटणात असतं. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, पाच मिनिटं पेट्रोलवर ठेवा, मग गॅसवर. फक्त गॅसवर थरथरत असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर तपासायचे. पण त्याआधी प्लग बघायला सांगा, कारण गॅसला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते आणि झिजलेला प्लग आधी गॅसवरच रडतो. फक्त पेट्रोलवर थरथरत असेल तर टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने तसंच पडून आहे का ते आठवा. दोन्हीवर सारखीच थरथरत असेल तर दोष दोघांच्या सामाईक गोष्टीत, म्हणजे हवा किंवा ठिणगीत.

आमची दोन्हीवर सारखी करायची.

मग थरथर कशी आहे ते ऐकायचं. एका ठेक्यात धक्के बसत असतील, चार माणसं ओझं उचलतायत आणि त्यातला एक लंगडतोय असं, तर एक सिलिंडर काम करत नाही. तिथे प्लग किंवा कॉइल बघायची. मिस्त्रीने कॉइल बदलायला सांगितली तर आधी तिची शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करून बघायला सांगा. दोषही तिच्याबरोबर शेजारी गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर पैसे वाचले. प्लग काढले की चारही आपण डोळ्यांनी बघावेत. फिकट तपकिरी चांगला, काळा कोरडा म्हणजे इंधन जास्त जातंय, पांढरा पडलेला म्हणजे हवा जास्त, तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय.

आमच्या गाडीला ठेका नव्हता, नुसता चढ-उतार होता. हे बरेचदा कुठूनतरी चोरून हवा शिरत असल्याचं लक्षण. शिवाय वहीत एकीने लिहिलं होतं, "ब्रेक जड वाटतो." ते वाचून तिसऱ्या मिस्त्रीचे कान टवकारले. त्याने आम्हाला एक परीक्षा दाखवली, ती कुणालाही जमेल. गाडी बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पेडल घट्ट झालं की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. बूस्टर नीट असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. आमचं गेलं नाही. मग त्याने सीट उचलली, इंजिनाकडून बूस्टरकडे जाणारी रबरी नळी पक्कडीने दाबली, आणि रेस जागच्या जागी स्थिर झाली. नळी उंदराने कुरतडलेली होती. पावसात उंदीर सीटखालच्या उबेला येऊन बसतात. थ्रॉटल बॉडीला काहीही झालेलं नव्हतं. खर्च नळीचा आणि अर्ध्या तासाच्या मजुरीचा.

स्कॅनरबद्दलही सांगतो. एप्रिल २०१३ नंतरच्या मोटारींना स्कॅनर लावता येतो आणि तो दोषाचा क्रमांक दाखवतो. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये जळण चुकतंय. तो क्रमांक कोणता भाग बदला हे सांगत नाही, कुठे बघा एवढंच सांगतो. क्रमांक वहीत उतरवून घ्या. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी तशीच पुढे रेटू नका, धुराच्या नळीतला महागडा कन्व्हर्टर जळतो.

पीयूसीची चिठ्ठीही फेकू नका. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांची ती तपासणी आयडलवरही होते. तिच्यात एचसी लिहिलेलं असतं, ते न जळलेलं इंधन. सीओ वाढलेला असेल तर हवेच्या मानाने इंधन जास्त. गेल्या वर्षीची आणि यंदाची चिठ्ठी शेजारी ठेवा, फरक दिसतो.

आणि कुणी स्क्रू फिरवून नुसती रेस वाढवून देत असेल तर थांबवा. गाडी बंद पडणार नाही, पण मूळ दोष तसाच राहील आणि इंधन जास्त जाईल.

या तपासण्या करताना इंजिन बंद शेडमध्ये चालू ठेवू नका, त्या धुराला वास नसला तरी जीव जातो. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून सगळ्याजणी खाली उतरा, बटणं दाबत बसू नका. पदर, ओढणी, वेणी पट्ट्यापासून लांब ठेवा. आणि महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर आठवड्याला, सीट उचलून बॅटरी मारून बघा. भाताची टरफलं, कापसाचे पुंजके, लेंड्या दिसल्या तर सगळ्या नळ्यांवरून एकदा हात फिरवा, अर्थात इंजिन थंड असताना.