समोर बसलेली बाई



परवा आपण काही जणी कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन पाहायला गेलो होतो. निसर्गचित्रं, मातीकाम पाहून झालं. पण जास्त वेळ थांबलो त्या देहचित्रांपाशी. एका चित्रात पन्नाशीची बाई होती. सुटलेलं पोट, रापलेले हात, अवघडलेला पाय. कॅलेंडरवरची बाई नव्हे, आपल्यातलीच. खालच्या चिठ्ठीवर विद्यार्थिनीचं नाव, वर्ग, माध्यम. बसलेल्या बाईचा उल्लेखच नाही.

लंडनच्या रॉयल अकादमीत १८९३ पर्यंत विद्यार्थिनींना विवस्त्र देहाच्या अभ्यासवर्गाची दारं बंद होती. आज मुली हा अभ्यास करतात, हा पल्ला मोठाच. पण त्यांच्यासमोर बसणारीचं काय? न हलता बसणं हे अंगमेहनतीचं काम आहे; मान, पाठ आखडते. तरी ते चोरून करावं लागतं. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ चित्रपटातली यमुना हे काम मुलापासून लपवते. निवड समितीनं निवडलेला तो चित्रपट २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून वगळला गेला. म्हणजे तिच्याबद्दल बोलणंही नको!

कदाचित तिलाच नाव नको असेल. वस्तीत, नात्यागोत्यात बोभाटा होतो. मग तो निर्णय तिचा असू दे. पण तिला विचारलं तर पाहिजे. पुरेसा मोबदला, मध्ये विश्रांती, कपडे बदलायला आडोसा, हे तर कुठल्याही कामगाराचे हक्क. चित्रं पाहायला जाऊ तेव्हा हे प्रश्न आपण तिथं विचारू या.